माझ्या दोस्तानं त्याला सांगितलं

मानवतला माझा एक दोस्त आहे. जळालेल्या मोटारी भरून देण्याचं त्याचं दुकान आहे. विहिरीवरची असो की बोअरमधली, मोटार जळाली की शेतकरी ती टेम्पोत टाकून किंवा मोटारसायकलच्या मागं बांधून त्याच्याकडं आणतात. मग तो आतली जळकी तार उपसून काढतो आणि तांब्याची नवी तार भरतो. पाचवीपासून आम्ही एका बाकावर बसलो. आता दोघांचीही पंचेचाळिशी उलटली. मी गावात असलो की संध्याकाळी त्याच्या दुकानासमोरच्या हॉटेलात आमचा चहा ठरलेला. त्याच्या सोयरिकी, त्याची भांडणं, त्याच्या सासऱ्याचा स्वभाव, सगळं मला तोंडपाठ. त्याचं असं काही आहे जे मला माहीत नाही, असं कुणी म्हणालं असतं तर मी हसून सोडून दिलं असतं.

हे लिहू का, म्हणून मी त्याला विचारलं. मोटारीतून डोकं वर न काढता तो म्हणाला, "नाव सोडून काय लिहायचं ते लिही."

मी सर्व्हेची कामं करतो. नोकरी कायमची नाही, कंत्राटावर. सरकारला काही मोजायचं असलं की आमच्यासारख्यांना बोलावणं येतं. कुणाच्या घरी नळ आहे, कुणाच्या पोराला लस दिली, कुणाच्या घरातलं माणूस पुण्याला कामाला गेलं, असं दारोदार विचारत फिरायचं. माझे वडील शिक्षक होते. पाथरी, सेलू, जिंतूर अशा बदल्या होत होत त्यांनी निम्म्या जिल्ह्यातली पोरं शिकवली. त्यामुळं मी कुठल्याही गावात गेलो की "गुरुजीचा मुलगा आला" म्हणून बाज टाकली जाते आणि चुलीवर चहा चढतो. या कामात जिल्ह्यात माझ्यासारखा कुणी नाही, असं लोक म्हणायचे. मी नको-नको म्हणायचो, पण ऐकायला गोड लागायचं.

काही वर्षांपूर्वी नशेच्या पदार्थांचा सर्व्हे निघाला. गांजा, भांग, चिठ्ठीशिवाय खाल्लेल्या गोळ्या, खोकल्याचं औषध पिण्याची सवय, असलं सगळं त्यात होतं. मी झपाट्यानं काम उरकलं. ओसरीत बसायचं, आजूबाजूला घरातली सगळी जमायची, मी हसत विचारायचो, "तुमच्यात असलं काही न्हाई ना?" म्हातारी म्हणायची, "शिव शिव! माळकरी घर हाय आमचं." मी 'नाही' भरायचो आणि पुढच्या घरी जायचो. एकही घर नकार देऊन मागं फिरवत नाही म्हणून माझं कौतुक झालं होतं.

तोच सर्व्हे परत आला, तेव्हा परभणीला प्रशिक्षण ठेवलं होतं. वरून एक अधिकारी बाई आल्या होत्या. बारीक अंगाच्या, पांढऱ्या केसांच्या, आवाज मात्र वर्गातल्या मागच्या बाकापर्यंत पोचणारा. त्या म्हणाल्या, "मागच्या वेळी या जिल्ह्याचा आकडा आला, तो आमच्यापैकी कुणालाच खरा वाटला नाही. एवढा मोठा जिल्हा, आणि नशा करणारे जवळजवळ नाहीतच? मग दवाखान्यात येतात ते पेशंट कुठले?"

मी वहीत उगाच तारीख लिहिली.

"लोक खोटारडे आहेत म्हणून असं झालं नाही," बाई म्हणाल्या. "आपण असं विचारलं की त्यांना खोटं बोलणंच सोपं पडलं."

माझे कान तापले. तो आकडा मी एकट्यानं आणला नव्हता, पण बाई माझ्याकडंच बघून बोलतायत असं मला वाटत राहिलं.

या वेळचे नियम वेगळे होते. ज्याला विचारायचं त्याला एकट्याला घेऊन बसायचं, घरातलं कुणी जवळ नको. नाजूक प्रश्न आपण मोठ्यानं विचारायचेच नाहीत. टॅब त्याच्या हातात द्यायचा, त्यानं वाचून स्वतः बोट लावायचं, आणि आपण पाठ करून बसायचं. वाचता येत नसेल तर कानाला हेडफोन. आपल्या गावात आपण जायचं नाही. आणि काही घरांत दुसरा माणूस पुन्हा जाऊन तेच विचारील, म्हणजे दोन्ही उत्तरं जुळतात का ते कळेल. काम संपल्यावर, माणूस काहीही बोललेला असो, प्रत्येकाला दवाखान्याच्या पत्त्याचं एक कार्ड द्यायचं.

माझ्या जोडीला जो दिला तो सावंतवाडीकडचा होता. तिशीचा, अंगानं जड, सारखा घाम पुसणारा. प्रशिक्षणात तो चक्क डुलक्या घेत होता. तिकडचं काम संपलं म्हणून इकडं आला होता. त्याला रस्ते माहीत नव्हते, ऊन सोसत नव्हतं, ज्वारीची भाकरी गिळताना तो पाण्याचे घोट घ्यायचा. "तुमच्याकडे गोदावरीचे मासे तरी मिळतात ना?" असं त्यानं मला पहिल्याच दिवशी विचारलं. त्याचं बोलणं ऐकून पोरं मागून हसायची. मला तो आवडला. खरं सांगायचं तर, त्याच्याशेजारी मी फारच हुशार दिसेन म्हणून आवडला.

पाथरी तालुक्यातल्या एका गावात मी घरं केली. सगळे नियम पाळले. माणसाला बाजूला घेतलं, टॅब हातात दिला, पाठ केली. आठवडाभरानं तेच गाव फेरतपासणीला निघालं आणि तिथं कोकणातला गेला.

बाईंनी मला परभणीला बोलावून घेतलं. समोर कागद नव्हता, त्यांना आठवतच होतं. "तुमच्या घरांत सगळीकडे 'नाही' आहे. तीच माणसं, तेच प्रश्न, आणि तुमच्या जोडीदाराकडे बरीच 'हो' आलीत."

"ते काहीतरी पढवीत असतील मॅडम," मी म्हणालो.

"मलाही आधी तेच वाटलं. म्हणून काल मी स्वतः त्यांच्याबरोबर गेले होते." बाईंनी चष्मा काढून पुसला. "ते काहीच करत नाहीत. तेवढंच करतात."

हे ऐकून मी रात्रभर तळमळलो असं लिहिणार नाही. पण त्या दिवशी परतीच्या एसटीत मी कंडक्टरशी सुट्ट्यावरून उगाच भांडलो.

दुसऱ्या दिवशी मी त्या गावात एका घरी गेलो. काम नव्हतं, चहाला म्हणून. घरमालक सत्तरीचे, माझ्या वडिलांचे जुने स्नेही. मी आडून-आडून विषय काढला. कुणी काय उत्तर दिलं ते विचारणं नियमात बसत नव्हतं, ते मी विचारलंही नाही. एवढंच म्हणालो, "काका, आमचा तो कोकणातला माणूस येऊन गेला म्हणे. कसा वाटला?"

"काय वाटायचंय? आला, पाणी पिला, बसला. कोणाचा कोण ठाव न्हाई, परत दिसायचा न्हाई. त्याच्यासमोर माणसाला कायची लाज?"

"आन् माझ्यासमोर?"

काकांनी कप खाली ठेवला. मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाले, "तुमच्या बापानं आमच्या पोराला बाराखडी शिकवली बाबा. तुमाला कसं सांगावं माणसानं? तुमी पाठ केली तरी तुमची पाठ ओळखीची हाय."

तेव्हा मला सगळं समजलं. माझी ओळख, माझ्या वडिलांचं नाव, माझ्यासाठी टाकलेली बाज, हेच मधे येत होतं. अडाणी नव्हतो मी, लगेच समजलं. पण समजल्यानं जळजळ थांबली नाही. उलट वाढली. ज्या गोष्टीचा मला अभिमान, तीच माझी उणीव निघाली. आणि ज्याला इथं कुत्रं ओळखत नाही, त्याच्यापुढं लोक मन मोकळं करायला लागले. याला काय करावं?

पुढं मानवतच्या एका भागाचा नंबर लागला. माझं गाव, म्हणून मी बाद. कोकणातला तिथं जाणार होता, आणि त्या भागात माझ्या दोस्ताचं घर होतं. सकाळी मी त्याला रस्ता दाखवायला वेशीपर्यंत गेलो.

"ती दुकानांची लाइन दिसते ना, तिथं माझा दोस्त आहे," मी म्हणालो. "माझं नाव सांगा, चहा पाजल्याशिवाय सोडणार नाही."

"नाव नको सांगायला," तो घाम पुसत म्हणाला. "कुणाचं घर येतं ते यंत्र ठरवतं. आलं तर जाईन."

संध्याकाळी चहाला बसलो तेव्हा मी दोस्ताला काही विचारलं नाही. तो मात्र बशीत चहा फिरवत बसला. मग म्हणाला, "तो तुमचा कोकणातला, राहायला कुठं हाय?"

"परभणीला. स्टेशनजवळ लॉजवर. का बरं?"

"असंच."

एवढंच बोलणं झालं. पण तीस-पस्तीस वर्षांच्या ओळखीत 'असंच' कुठलं आणि कुठलं नाही, ते माणसाला कळतं.

त्यानंतरच्या रविवारी दोस्त दुकान बंद ठेवून परभणीला गेला. मी विचारलं तर म्हणाला, तांब्याची तार आणायला. पुढच्या रविवारीही गेला. मोटारी जळण्याचा हंगाम होता, लाइटचा दाब पार खाली यायचा, दुकानासमोर मोटारींची रांग लागलेली, आणि हा माणूस दर रविवारी तार आणायला जायलाय. मला वाटलं, असेल बाबा.

मग एके दिवशी बाईंच्या बैठकीला मी परभणीला गेलो होतो. बस स्टँडकडं येताना एका खानावळीच्या उघड्या दारातून सहज आत बघितलं. कोपऱ्यातल्या टेबलावर माझा दोस्त आणि तो कोकणातला समोरासमोर जेवत होते. माझा दोस्त बोलत होता. हातवारे करत, पुढं वाकून, पोटातलं काहीतरी बाहेर काढत असल्यासारखा. आणि दुसरा मान खाली घालून भात कालवत ऐकत होता. दोस्ताला तसं बोलताना मी कधी बघितलं नव्हतं. आमच्या चहाला तो चेष्टा करायचा, शिव्या द्यायचा, पण असं बोलायचा नाही.

मी आत गेलो नाही. सरळ स्टँडवर आलो आणि समोर लागलेल्या गाडीत बसलो. ती गंगाखेडची निघाली. कंडक्टरनं तिकीट विचारलं तेव्हा माझ्या लक्षात आलं, आणि मी पुढच्या थांब्यावर उतरून चालत परत आलो.

त्या दिवसापासून मी चहाला जाणं बंद केलं. कामाचा ताण आहे म्हणायचो. दोस्ताचा फोन आला की दोन शब्द बोलून ठेवायचो. घरी बायकोवर खेकसायचो. तिनं दोन-तीन दिवस ऐकून घेतलं. मग एकदा ताट वाढता वाढता म्हणाली, "तुमाला काय सवत आली का?"

"कायची सवत?"

"मग त्या कोकणातल्या माणसाचं नाव निघालं की तोंड असं वाकडं कामून होतं?"

मी जेवण अर्धं टाकून उठलो. ती मागून हसली. तिला काय माहीत, मला ते शब्दशः लागलं होतं. बाईमाणसावरून जळणाऱ्याला जग समजून घेतं. पंचेचाळिशीच्या माणसानं दोस्तावरून जळावं, ह्याला आमच्याकडं कुणी नावही ठेवलेलं नाही.

चारठाण्याला आमचं दोघांचं काम लागलं. सेलूमार्गे माझ्या मोटारसायकलवर गेलो. त्याचं वजन मागं, आणि रस्ताभर मी एक शब्द बोललो नाही. त्याला त्याचं काही वाटलं नाही, तो मागं बसून गाणं गुणगुणत होता. दुपारी जुन्या देवळाच्या सावलीत डबे सोडले. दगडी खांबाला पाठ लावून तो बसला आणि म्हणाला, "केवढं कोरीवकाम आहे हो! आणि कुणी बघायलासुद्धा येत नाही."

"माझ्या दोस्ताचं आन् तुमचं काय चाललंय?" मी विचारलं.

त्यानं घास खाली ठेवला. "ते त्यांना विचारा."

"मी तुमाला विचारायलोय."

"माझ्याकडून काही कळणार नाही."

"त्याच्या घरी काही अडचण आहे का? तब्येत? पोराचं काही? मी लहानपणापासूनचा दोस्त आहे त्याचा. तुमी आज आलेत आन् उद्या जाणार."

"म्हणून तर," तो म्हणाला, आणि लगेच जीभ चावल्यासारखा गप्प झाला.

"म्हणून तर काय?"

"काही नाही. जेवा."

माझा आवाज चढला. काय काय बोललो ते सगळं आठवत नाही, पण कंत्राटी, परका, लोकांच्या घरात शिरून त्यांची माणसं फोडणारा, असं बरंच बोललो. देवळात खेळणारी पोरं थांबून बघायला लागली. तो उठला नाही, उलटून बोलला नाही. शेवटी एवढंच म्हणाला, "तुम्ही माझ्या जागी असता तर तुम्हीही सांगितलं नसतं. नियम म्हणून नाही. तुम्ही तसे नाही म्हणून."

संध्याकाळी तो माझ्या गाडीवर बसला नाही. जिंतूरच्या जीपमध्ये, दाराच्या कडेला अंग चोरून कसाबसा मावला आणि निघून गेला. मी एकटाच परत आलो. त्यानं मला चांगलं म्हटलं होतं, हेच मला जास्त झोंबत होतं. त्यानं शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

चार-पाच दिवसांनी भरदुपारी दोस्त माझ्या घरी आला. दुकान उघडं असण्याच्या वेळी तो कधी येत नाही. बायको माहेरी गेली होती. तो आत आला, भिंतीला टेकून खाली बसला. खुर्चीवर बस म्हणालो तर नको म्हणाला. घामानं शर्ट भिजला होता.

"उद्या परभणीला दवाखान्यात जायचंय," तो म्हणाला. "नंबर लागलाय. तू येतो का?"

"कशाचा नंबर?"

मग त्यानं सांगितलं. तीन-एक वर्षांपूर्वी चेनपुलीवरून एक मोठी मोटार निसटून त्याच्या अंगावर आली होती, ते मला माहीत होतं. कमरेला मार बसला, महिनाभर झोपून होता, तेव्हा मीच डबा नेत होतो. पण पुढचं मला माहीत नव्हतं. दुखणं थांबण्यासाठी ज्या गोळ्या दिल्या होत्या, त्या दुखणं थांबल्यावरही थांबल्या नाहीत. गोळी नसली की अंग मोडून यायचं, नाक गळायचं, झोप उडायची, कामावर हात चालायचा नाही. डॉक्टरनं चिठ्ठी देणं बंद केलं तेव्हा तो बाहेरून मिळवायला लागला. हंगामात मोटारी उचलाव्या लागायच्या म्हणून जास्त. मग हंगाम नसला तरी तेवढ्याच.

"आपण चहाला बसायचो तवा?" मी विचारलं.

"तवा पोटात गोळी असायची. न्हाईतर मी बसूच शकलो नसतो."

मी त्याच्या समोर जमिनीवर बसलो. माझ्या डोळ्यांसमोर रोजचा तो हॉटेलातला बाक आला. रोज तासभर मी त्याच्या तोंडाकडं बघत होतो.

"मला कामून न्हाई सांगितलं?"

तो नखांतलं मोटारीचं वार्निश खरवडायला लागला. "तो टॅब हातात आला ना, मी सगळं खरं दाबलं. कसं दाबलं मला बी कळलं न्हाई. तो पाठ करून रस्त्यावरची म्हैस बघायलता. मग मणलं, आता दाबलंच हाय तर सांगावं. त्याला हाक मारली. तो मणला, मला काही सांगू नका, हे कार्ड घ्या, दवाखान्यात सांगा. मी मणलं, एकटा जायला भ्या वाटायलंय. मग तो मणला, सुट्टीच्या दिवशी दवाखान्यातल्या एका माणसाला गाठून देतो."

"ते मी विचारलं न्हाई. मला कामून न्हाई सांगितलं, ते विचारलं."

"तुला सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी चहाला तुझं तोंड बघावं लागलं असतं गड्या. परवा बी. त्याच्या परवा बी. तू काही बोलला नसता, मला माहीत हाय. पण तुला माहीत असतं."

तो रडला नाही. मीही नाही. माझा इतक्या वर्षांचा दोस्त माझ्यासमोर घामाघूम होऊन बसला होता, दुसऱ्या दिवशी त्याच्या आयुष्याचा प्रश्न होता, आणि माझ्या मनात पहिल्यांदा जे आलं ते हे की, मी दुसरा. आधी तो, मग मी. मी ते आवरलं, त्याला पाणी दिलं, "येतो की, न येऊन कसं?" म्हणालो. पण आलं होतं मनात, हे खरं.

दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो. सरकारी दवाखान्याच्या मागच्या बाजूला, जिथं गर्दी कमी असते, तिथली खोली. डॉक्टर तरुण होता. दोस्ताला बघून हसला, आणि माझ्याकडं वळून म्हणाला, "ते कोकणातले नाही आले आज?"

"त्यांचं काम होतं. मी आलोय," मी म्हणालो. एवढ्या जोरानं म्हणालो की बाकावरची माणसं वळून बघायला लागली.

डॉक्टरनं सांगितलं, एकदम बंद करायचं नाही, त्यांच्या औषधावर हळूहळू कमी करत आणायचं. घरी सांगावं लागेल. दोस्त म्हणाला, बायकोला सांगायला तू चल. ती गोष्ट सगळ्यात अवघड होती, आणि ती माझ्या वाट्याला आली. वहिनी चुलीपाशी बसल्या होत्या. ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मला वाटलं, दुसरी बाई हाय." मग दाराआड जाऊन खूप रडल्या, आणि बाहेर आल्यावर दवाखान्याची पुढची तारीख कुठली ते विचारलं. त्या दिवशी मला जरा बरं वाटलं. वहिनींना सांगायच्या वेळी तो कोकणातला नव्हता. मी होतो.

दोस्त एका झटक्यात बरा झाला नाही. मधे एकदा पुन्हा गोळ्यांकडं वळला, पुन्हा दवाखान्यात गेला. जड मोटारी उचलायला माणूस ठेवला. आता ते औषधही सुटलं आहे, कंबर मात्र थंडीत धरते.

सर्व्हे संपल्यावर कोकणातला परत निघाला. मानवत रोड स्टेशनवर त्याला सोडायला दोस्त गेला. मला म्हणाला, चल. मी म्हणालो, घरी पाहुणे येणार आहेत. पाहुणे कुणी नव्हते. गाडीची वेळ टळेपर्यंत मी अंगणात बसून राहिलो. नंतर दोस्तानं सांगितलं, त्यानं तुझी आठवण काढली, तुझ्यासाठी कोकमाची बाटली दिलीय. बायकोनं ते सरबत केलं. मी एक घोट घेतला. चांगलं होतं, आणि त्याचाही मला राग आला.

आकडा जाहीर झाला त्या दिवशी मी आणि दोस्त हॉटेलात होतो. आमचा चहा पुन्हा सुरू झाला होता, आणि दर रविवारी दोस्ताचा कोकणात फोनही चालू होता. पेपरात मोठं आलं होतं, जिल्ह्यात नशेचं प्रमाण कितीतरी वाढलं. आडतीवरचे दोघं-तिघं आणि एक कापसाचे व्यापारी पेपर मधे धरून बसले होते.

"बगा, काय झालं जिल्ह्याचं!" व्यापारी म्हणाले. "मागच्या खेपेला काहीच नव्हतं. एवढ्यात एवढं वाढलं?"

"पोरं बिघडली," दुसरा म्हणाला.

मला सांगायचं होतं. वाढलं नाही, काका. आधी आमी ओसरीत बसून सगळ्यांसमोर विचारायचो आणि म्हातारीचं उत्तर भरायचो. आता माणसाला एकट्याला विचारलं, परक्या माणसानं विचारलं, पाठ करून विचारलं, म्हणून खरं आलं. बाईंनी आम्हाला तेव्हाच बजावून ठेवलं होतं, की आकडा वर गेला तर लोक घाबरतील, आणि काही वरिष्ठांना मागचाच आकडा बरा वाटेल. पण असा चुकीचा लहान आकडा असला तर दवाखान्यात त्या खोलीला डॉक्टर मिळत नाही, औषध मिळत नाही. हे सगळं माझ्या ओठांवर होतं. पण त्यातलं निम्मं दोस्ताच्या अंगावर जाणारं होतं, म्हणून मी गप्प बसलो.

तेवढ्यात दोस्तच बोलला. "वाढली न्हाई. आधी कोणी खरं सांगत नव्हतं."

"तुला काय माहीत?" व्यापारी म्हणाले.

दोस्तानं बशी खाली ठेवली. "मला माहीत हाय. मीच गोळ्या खायचो. तीन वर्षं. ह्यातला एक मी हाय."

व्यापाऱ्यांनी पेपर घडी केला, उलगडला, पुन्हा घडी केला. मग म्हणाले, "आता कसं हाय?"

"आता बरं हाय."

"मग बरं," ते म्हणाले आणि त्यांनी सगळ्यांसाठी चहा सांगितला.

भर हॉटेलात, ओळखीच्या माणसांत, जी उद्या परत दिसणार होती, परवाही दिसणार होती, त्यांच्यासमोर त्यानं सांगितलं. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. आणि खरं सांगतो, हात ठेवता ठेवताच माझ्या मनात आलं, असं बोलायचं ह्यानं आधीच ठरवलं असेल का? आणि ठरवलं असेल तर रविवारच्या फोनवर त्या कोकणातल्याला आधी सांगून ठेवलं असेल का?

मी ते विचारलं नाही. चहा आला, आम्ही प्यायलो.